दोनशे रुपयांचा कर आणि तीन बंद खोल्या

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर एक बारीकशी ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाला २,५००, आणि याहून जास्त नाही, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानेच तेवढी मर्यादा घातलेली आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि आयकराच्या मोठ्या आकड्यांमध्ये ही ओळ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हा कर १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेला पैसा कोरडवाहू गावात नाला-बंडिंगच्या कामावर माती वाहणाऱ्या बाईच्या मजुरीला जाणार, असा तो व्यवहार होता.

तालुक्याच्या गावी कॉलेजात मी बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. सार्वजनिक आयव्ययाचं प्रकरण आलं की हे उदाहरण मी दर वर्षी देत असे. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, पण पुण्याच्या माणसाने माझ्या आईच्या मजुरीचे पैसे का द्यायचे?" तिची आई खरोखरच रोजगार हमीच्या कामावर जात होती. प्रश्नात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. तिला कारण हवं होतं. मी कराचा भार, पुनर्वितरण, मजुरांच्या हातात पैसा आल्याने वाढणारी मागणी, असं सांगत गेलो. तिने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. तिने विचारलं होतं का द्यायचे, आणि मी सांगितलं होतं की दिल्याने काय होतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी घंटा झाली आणि मी वर्गाबाहेर पडलो.

राज्यशास्त्राचा वर्ग भिंतीपलीकडे भरत असे. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, ती जागा पुन्हा भरली गेली नव्हती, आणि त्यांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले असत. त्या मुलीचा प्रश्न या तिन्ही खोल्यांमधला होता. तो घेऊन ती जाणार कुठे?

तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तीन विषय पदवीला एकत्र शिकवले गेले पाहिजेत, आणि तेही साध्या अनुदानित कॉलेजांत, मराठीतून, असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. आज आपल्या देशात हा अभ्यासक्रम मिळतो तो प्रामुख्याने वर्षाला लाखांत फी घेणाऱ्या खाजगी विद्यापीठांत, इंग्रजीतून. ज्यांच्या घरात त्या अभ्यासाचे प्रश्न रोज जगले जातात त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

रोजगार हमीचंच पाहू. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यात, नगर-सोलापुराकडे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत: खडी फोडायची कामं, खायला मिळणारी सुकडी, अमेरिकेहून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना त्या काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. देशाने असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी इथे एक फार सुंदर गोष्ट शिकतो. काम अंगमेहनतीचं ठेवलं आणि मजुरी बाजारापेक्षा जास्त ठेवली नाही, तर ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो. दारिद्र्यरेषेच्या याद्या नकोत, दाखले नकोत, तलाठ्याची मेहेरबानी नको. गरजू माणूस स्वतःच स्वतःला निवडतो. ही युक्ती बुद्धिमान आहे, आणि ती कळायला अर्थशास्त्रच लागतं.

राज्यशास्त्राचा विद्यार्थी विचारतो की हा कायदा झालाच कसा? ज्या विधानसभेत बागायतदारांचं वजन, तिने मजुरांना दुसरीकडे काम मिळण्याची हमी का दिली? उत्तर बरंच गुंतागुंतीचं आहे. पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीचा फायदा जमीन असणाऱ्यांना मिळणार होता. मजूर गावातच टिकले तर सुगीला हाताशी राहणार होते. शहरवाल्यांना वाटत होतं की गावात काम मिळालं तर मुंबईकडे येणारे लोंढे कमी होतील. आणि दुसऱ्या बाजूने कामाच्या मागणीसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे धडकत होते, त्यात बायका पुढे होत्या. करुणा, स्वार्थ आणि दबाव या तिघांनी मिळून तो कायदा घडवला.

पण त्या मुलीचा प्रश्न अजून शिल्लकच राहतो. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनीही दुष्काळी कामांचे नियम केले होते. तेव्हाही लोक खडी फोडत होते आणि मजुरी घेत होते. मग १९७७ साली नवं काय झालं? नवं हे झालं की जे सरकारचं औदार्य होतं ते माणसाचा हक्क झालं. हक्क आणि दान यांत रुपयांचा फरक नसेलही, पण घेणाऱ्याची मान कशी राहते यात आहे. हा फरक कशावर उभा आहे? माणूस काम मागू शकतो तो कोणाकडे, आणि का? घटनेचं ४१ वं कलम कामाचा हक्क मान्य करतं, पण 'राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी अट घालून. ज्या हक्काला ऐपतीची अट आहे त्याला हक्क म्हणावं का? आणि ती अर्थशास्त्रातली सुंदर युक्ती पुन्हा तपासा: गरज खरी आहे हे सिद्ध करायला एखाद्या बाईला वैशाखातल्या उन्हात माती वाहायला लावायची, ही कसोटी न्याय्य आहे का? कार्यक्षम आहे, हे मान्य. न्याय्य आहे का? इथे तत्त्वज्ञानाशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

याच व्यवसाय कराला अलीकडे आणखी एक गाठ पडली आहे. २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, पुरुषांना मात्र साडेसात हजारांच्या पुढे भरावा लागतो. समान पगारावर असमान कर समतेच्या विरोधात जातो, की समतेसाठीच तो लागतो? मी हा प्रश्न ओळखीच्या काही पदवीधरांना विचारून पाहिला. अर्थशास्त्रवाले महसूल किती बुडेल ते सांगतात, राज्यशास्त्रवाले निवडणुकांबद्दल बोलतात. मूळ प्रश्नाला हात घालायची सवयच लावलेली नाही.

अर्थशास्त्रातून नीतीचा प्रश्न बाहेर कधी गेला याची तारीखसुद्धा बऱ्यापैकी सांगता येते. बारावीच्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त पाठ केलेला असतो. पहिल्या संत्र्याने जितकं समाधान मिळतं तितकं पाचव्याने मिळत नाही. आता हेच रुपयांना लावा. श्रीमंताच्या लेखी शेवटच्या शंभर रुपयांची किंमत कमी, गरिबाच्या लेखी जास्त. म्हणजे इकडून काढून तिकडे दिले तर एकूण समाधान वाढतं. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली असाच युक्तिवाद केला होता. १९३२ साली रॉबिन्स हा दुसरा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ म्हणाला की एकाचं समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी ताडून पाहणं हे शास्त्राचं कामच नव्हे, तो नीतीचा विषय झाला. आपल्या पाठ्यपुस्तकातली 'अमर्याद गरजा आणि मर्यादित साधनं' ही व्याख्या याच रॉबिन्सची. म्हणजे आपण मुलांना व्याख्या शिकवली, सिद्धान्त शिकवला, आणि त्या दोघांमध्ये झालेलं भांडण तेवढं लपवून ठेवलं. अमर्त्य सेन यांनी पुढे आयुष्यभर जे काम केलं त्याचा मोठा भाग हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचाच आहे. ॲडम स्मिथच्या काळी तो तुटलेलाच नव्हता. ग्लासगोच्या विद्यापीठात तो प्राध्यापक होता तो नीतिशास्त्राचा.

मराठीतही हा धागा तुटलेला नव्हता. १८५० च्या दशकात हरी केशवजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी अर्थशास्त्राची मूलतत्त्वं मराठीत आणली तेव्हा त्यांनी शब्द योजला 'देशव्यवहारव्यवस्था'. किती नेमका शब्द आहे पाहा. देश आला, व्यवहार आला, आणि व्यवस्था लावणंही आलं. न्यायमूर्ती रानडे १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलले तेव्हा त्यांचा मुद्दा हा होता की इंग्लंडात लिहिलेले अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी सारखे लागू पडत नाहीत. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांनी म्हटलं होतं की समाजव्यवस्था सदोष असेल तर अर्थव्यवस्था चांगली असू शकत नाही, आणि समाज न्यायावर उभा नसेल तर राजकीय हक्क बजावायची पात्रता येत नाही. हे परस्परावलंबन योगायोगाचं नाही, निसर्गनियमच आहे. प्रार्थना समाजात ईश्वरविषयक तत्त्वज्ञान मांडणारे, न्यायासनावर बसणारे आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब लावणारे रानडे एकच होते. पुढे १९३० साली पुण्यात संशोधन संस्था निघाली तिच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र जोडीने आले आणि त्यांच्याआधी गोखल्यांचं नाव आलं. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालू शकतो का, या प्रश्नाला त्यांनी लेखात उत्तर दिलं आणि उसाच्या फडाशेजारी उभं राहूनही दिलं.

पण या साऱ्यात मला सर्वांत मोलाचं उदाहरण वाटतं ते बाबासाहेबांचं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद झालेली आहे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. अर्थशास्त्राचा पाया भक्कम, आणि त्याच्या चहूबाजूंनी दारं उघडी. तत्त्वज्ञ जॉन ड्यूईच्या वर्गात ते बसले आणि अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मनकडे सार्वजनिक वित्तव्यवस्था शिकले. पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ साली तो छापला गेला, आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. म्हणजे चलनाच्या तांत्रिक वादात उतरण्याइतकी त्यांची एका विषयातली तयारी पक्की होती.

आता १९३६ सालचं त्यांचं ते विधान घ्या. जातिव्यवस्थेचे समर्थक म्हणत की ही तर श्रमविभागणी आहे, आणि ती प्रत्येक सुधारलेल्या समाजाला लागतेच. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकाखाली एक अशा पायऱ्यांची. श्रमविभागणी ही कल्पना अर्थशास्त्रातली, स्मिथपासून चालत आलेली. जो फक्त अर्थशास्त्र शिकला असता तो कार्यक्षमतेवर वाद घालत बसला असता. जो फक्त नीतीची भाषा बोलला असता त्याने जात हे पाप आहे म्हटलं असतं आणि समर्थकाचा मुद्दा जागेवरच राहिला असता. बाबासाहेबांनी विरोधकाचंच हत्यार घेतलं, एक शब्द बदलला, आणि पुढे दाखवून दिलं की माणसाला आपल्या कलाने काम निवडता येत नसेल तर अर्थव्यवस्थाही पंगू होते. हे एका विषयात बसून सुचणारं वाक्य नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत ते म्हणाले की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करत आहोत: राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. हे भाषण दर वर्षी संविधानदिनाला आपल्या कॉलेजांत वाचलं जातं. त्यातली विसंगती कळायला ज्या तीन विषयांची जोड लागते, ते विषय त्याच कॉलेजांत एकमेकांना भेटत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो खरा आहे. एक ना धड, भाराभर चिंध्या. तीन विषयांचं थोडं थोडं शिकलेला मुलगा कशातच पक्का होत नाही, असं माझे अनेक सहकारी म्हणत. या अभ्यासक्रमाचं मूळ घर असलेल्या ऑक्सफर्डचा अनुभवही त्यांच्या बाजूने मांडता येतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, तिथे तो सुरू झाला. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवरच्या जुन्या अभ्यासक्रमाला आधुनिक पर्याय, म्हणून त्याला मॉडर्न ग्रेट्स असंही म्हणत. पहिल्या वर्षी तिन्ही विषय, त्यानंतर वाटलं तर एक सोडता येतो. हॅरल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरन, लिझ ट्रस, ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान यातूनच बाहेर पडले. बेनझीर भुट्टो, इम्रान खान, आंग सान सू ची यांनीही हाच अभ्यास केला. पण २०२२ च्या सप्टेंबरात ट्रस सरकारने पैशाची तजवीज न दाखवता मोठी करकपात जाहीर केली, पौंड कोसळला, रोखे बाजार सावरायला बँक ऑफ इंग्लंडला धावावं लागलं, आणि सात आठवड्यांच्या आत पंतप्रधानांची कारकीर्द संपली. तीन विषयांच्या पदवीने शहाणपण येतंच असं नाही.

हे मी नाकारत नाही. पण तिथला दोष विषय एकत्र केल्याचा आहे असं मला वाटत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक निबंध लिहून तो शिक्षकासमोर लढवायला लावलं तर त्यांना कोणतीही बाजू मांडता येऊ लागते. हे चांगलंच आहे. मात्र त्यांतली बरीच मुलं अशा घरांतून येतात जिथे बेकारी, कर्ज, भाववाढ हे निबंधाचे विषय असतात. कशाचीही झळ लागलेली नसते. आपल्या तालुक्याच्या कॉलेजात नेमकं उलटं आहे. झळ सगळ्यांना लागलेली आहे, ती मांडायची भाषा नाही.

कांद्याचं घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून. लासलगाव, पिंपळगावच्या बाजारसमित्यांत काय झालं हे माझ्या विद्यार्थ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून पाहिलं होतं. दिल्लीतल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने किती सोसावं, हा प्रश्न त्यांच्या घरात रोज जेवताना निघत होता. भावाचं गणित कळल्याशिवाय तो सुटत नाही. १९९८ साली दिल्लीत कांद्याच्या भावाने सरकार पडण्याला हातभार लावला होता, ही आठवण सगळ्या पक्षांना का छळते, हे समजल्याशिवायही सुटत नाही. आणि एकाच्या ताटासाठी दुसऱ्याच्या घामाची किंमत पाडायचा अधिकार राज्याला कुठून मिळतो, हे विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

खेड्यातल्या मुलांना हे झेपेल का, असं मला विचारलं गेलं आहे. ज्यांना ही शंका वाटते त्यांनी चाकणच्या कांदा आंदोलनाचा इतिहास पाहावा. बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशी आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि १९८० च्या आसपास त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. त्यांच्या शिबिरांत चौथी-सातवी शिकलेले शेतकरी दिवस दिवस बसून उत्पादनखर्च काढायला शिकले, उणे सबसिडी, म्हणजे सरकारी धोरणामुळे खुल्या बाजारापेक्षा कमी भाव मिळून होणारा तोटा, काय असते ते समजून घेतलं आणि गावोगावच्या सभांत ते इतरांना समजावलं. जोशींच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही. खुल्या बाजारावरचा त्यांचा विश्वास मला फार जास्त वाटतो, आणि शेतमजुराचा प्रश्न त्यांच्या मांडणीत मागे पडला असं माझं मत आहे. पण आकडेमोड, सत्तेचं विश्लेषण आणि अन्यायाची जाण या तिन्ही गोष्टी एकाच मांडवात, मराठीत, शेतकऱ्यांना शिकवता येतात हे त्यांनी करून दाखवलं. विद्यापीठांना ते जमू नये असं काहीच नाही.

आणि खरं सांगायचं तर आपली मुलं हे तिन्ही विषय एकत्र शिकतच आहेत, फक्त विद्यापीठात नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जाऊन पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत राज्यव्यवस्थेचा पेपर २५० गुणांचा, अर्थव्यवस्था ज्यात येते तो २५० चा, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राचाही २५० चा. म्हणजे महाराष्ट्रातला तत्त्वज्ञान-राज्यशास्त्र-अर्थशास्त्राचा सर्वांत मोठा वर्ग भाड्याच्या खोलीत, वडापाव आणि चहावर, झेरॉक्सच्या नोट्सवर चालतो. तिथे नीतीचा प्रश्न येतो तो सात मिनिटांत दीडशे शब्दांत सोडवण्यासाठी. कांट म्हणजे एक अवतरण, गांधी म्हणजे दुसरं. जागा शेकड्यांत आणि मुलं लाखांत, त्यामुळे बहुतेकांच्या हाती वयाच्या तिशीला ना पद लागतं ना पदवीला साजेसा अभ्यास. या मुलांची भूक खरी आहे. मी त्यांच्याशी बोललो आहे. देश कसा चालतो हे कळावं अशी त्यांची तळमळ आहे, आणि आपण त्या तळमळीला उत्तर म्हणून चाळणी-परीक्षा दिली आहे.

आणखी एक आक्षेप असा की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला हे तिन्ही विषय घेता येतातच, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देण्याची, सोयही केली आहे. तीन भांडी एका फळीवर ठेवली म्हणून स्वयंपाक होत नाही. तीन प्राध्यापक, तीन पुस्तकं, तीन वेगळ्या परीक्षा, आणि जोडणी विद्यार्थ्याने आपली आपण करायची. शिवाय मायनर म्हणून प्रत्यक्षात काय मिळणार हे अनेकदा कॉलेजात कोणत्या विषयाचा शिक्षक उरला आहे यावर ठरतं. तत्त्वज्ञानाच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय धोरणाच्या कागदावरची मोकळीक मुलांच्या हातात पडणार नाही. मागणी नाही म्हणून जागा भरत नाही असं सांगितलं जातं. ज्या विषयाचा शिक्षक नाही त्याची मागणी कुठून येणार?

मला जे हवं आहे त्यात सगळ्यात अवघड भाग गणिताचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आपल्याकडे कलाशाखेत येणाऱ्या मुलाची दहावीनंतर गणिताशी बहुधा कायमची फारकत होते. सरासरी आणि मध्यक यांतला फरक न कळता विषमतेवर निबंध लिहिणं म्हणजे शब्दांचे बुडबुडे. तेव्हा पूर्ण एक वर्ष संख्याशास्त्र सक्तीचं हवं, आणि ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकावरून, जिल्हा परिषदेच्या हिशेबावरून, कृषी उत्पन्न बाजारसमितीच्या आवक-भावांवरून शिकवलं जावं. चिंध्यांच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे: एक विषय पक्का, आणि त्याला आकड्यांचा कणा.

भाषेचा प्रश्न मात्र लोक समजतात तितका अवघड नाही. वाईहून निघालेल्या 'नवभारत'सारख्या मासिकाने आणि मराठी विश्वकोशाने तत्त्वज्ञानाची परिभाषा केव्हाच घडवून ठेवली आहे, मे. पुं. रेगे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या गद्यात कोणताही अवघड युक्तिवाद मराठीत पेलतो. अर्थशास्त्राची, राज्यशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची अशा तिन्ही विषयांच्या प्राध्यापकांच्या परिषदा महाराष्ट्रात आहेत, त्या आपापली अधिवेशनं भरवतात. एका वर्षी तिघींनी एकाच गावात, एकाच मांडवात अधिवेशन घ्यावं आणि दुष्काळ हा एकच विषय ठेवावा. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

अभ्यासक्रम कसा असावा याचा पूर्ण आराखडा मी देत बसत नाही. पहिलं सत्र तेवढं मनात पक्कं आहे. तिन्ही शिक्षक एका वर्गात, एकाच वेळी. पहिल्या दिवशी कोणाच्या तरी शहरातल्या मामाचं पगारपत्रक आणि कोणाच्या तरी आईचं जॉबकार्ड शेजारी शेजारी ठेवायचं आणि त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहायचा. त्यावर तीन आठवडे वाद होऊ द्यायचा, घटनेचं ४१ वं कलम समोर ठेवून. मग गावाबाहेर बाहत्तर सालच्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव असेल तिथे सगळ्यांनी चालत जायचं. तलाव कोणाच्या मजुरीने झाला ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं. आणि त्याच्या खालच्या अंगाला आज ज्या विहिरींना पाणी आहे त्या कोणाकोणाच्या आहेत, याची सातबारा पाहून यादी करून आणायची.